टीव्हीची उचकी

मच्छिंद्रला सूड घ्यायचा होता, आणि तो कसा घ्यायचा हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. मारामारी नको, कोर्टकचेरी तर नकोच नको. आपल्या बहिणीचं नाव त्या माणसानं चारचौघांत, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं घ्यायचं, बस. अडचण एकच होती की तो माणूसच सापडत नव्हता.

माणूस म्हणजे रामराव, मच्छिंद्रच्या अक्काचा, साळूबाईचा नवरा. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तिला परतूरला माहेरी सोडलं, "भाऊबीज झाली की न्यायला येतो" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. वडील त्याच्या गावी जाऊन आले, तर घराला कुलूप आणि रान विकलेलं. शेजारी म्हणाले, कुठंतरी वर भोकरदनकडं गेला म्हणतात. भोकरदनकडं म्हणजे कुठं, ते कुणाला सांगता येईना. वडिलांनी हाय खाल्ली आणि ते गेले. साळूबाई शिलाई मशीन घेऊन बसली आणि गावातल्या बायकांची पोलकी शिवू लागली. पहिली काही वर्षं भाऊबीज झाली की पेटी भरून तयार राहायची. पुढं पेटी भरणं सोडलं, पण कुंकू लावणं काही सोडलं नाही.

आणि उचकी लागली की ती अजून त्याचंच नाव घ्यायची. आपल्याकडं सगळेच घेतात. कुणीतरी आठवण काढत असतं, त्याचं नाव बरोबर आलं की उचकी थांबते. साळूबाई मशीनवरचा हात काढून हळूच नाव घ्यायची, आणि मेली ती उचकी खरंच थांबायची. मच्छिंद्रच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अक्का, तो कशाला आठवण काढतो तुझी?"

"मंग थांबती कशी?" ती म्हणायची, आणि परत मशीन चालवू लागायची.

असं सगळं चाललेलं असताना दोन हजार साल उजाडलं. मच्छिंद्र तोवर जालन्यात एका टीव्हीच्या दुकानात मेकॅनिक झाला होता, रोज परतूरहून आगगाडीनं जायचा-यायचा. एका रविवारी मालकानं त्याला भोकरदनच्या अलीकडच्या एका गावी पिटाळलं. "रामराव म्हणून पार्टी आहे. टीव्ही घेऊन वर्ष झालं न्हाई, सारखा चालू होतो आन् बंद होतो म्हणतेत. पोरीला बघायला आज पाव्हणे येऊन राह्यले, जल्दी जा." रामराव नावाची माणसं गावोगाव ढिगानं असतात. मच्छिंद्रनं पिशवीत सोल्डरिंग आयर्न, सुट्टे पार्ट आणि आपला बल्बचा बोर्ड टाकला आणि बस पकडली.

घर मोठं होतं. ओट्यावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एक जाडजूड माणूस उभा होता. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पाणीही विचारलं नाही. "आलास का? किती उशीर रे टीव्हीवाल्या. जल्दी कर," म्हणाला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवली तेव्हा त्याचा डावा कान दिसला. कानाची पाळी मधोमध फाटून तिचे दोन तुकडे झाले होते.

तो कान त्याच्या बोटांना माहीत होता. अक्काच्या लग्नात कानपिळीला मामानं त्याला कडेवर उचललं होतं, वय असेल आठेक. नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून बजावायचं, ही रीत. त्यानं कान धरला तर पाळी दोन तुकड्यांत हाताला लागली. आपणच फाडली असं वाटून त्यानं भोकाड पसरलं होतं. सगळा मांडव हसला, आणि नवरदेव म्हणाला होता, "न्हाई रे मच्छ्या, आधीचाच फाटकाय."

म्हणजे हाच तो. सापडला शेवटी.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच गचांडी का नाही धरली? धरली असती, तर काय झालं असतं? 'हा कोण येडा' म्हणून चार गड्यांनी त्यालाच चोपून बसमध्ये बसवला असता. मच्छिंद्रनं दात आवळले, "आलो मालक" म्हणाला आणि आत गेला.

टीव्ही बैठकीच्या खोलीत होता. आत फरशीचं काम निघालं होतं, म्हणून घरातले देव टीव्हीवर येऊन बसले होते. खाली विणलेलं जाड कापड, त्यावर पितळी ताट, ताटात देव. टीव्हीला लिंबू-मिरची बांधलेली होती, शेजारी नवाकोरा स्टॅबिलायझर गुरगुरत होता. मच्छिंद्रनं बटन दाबलं. लाल दिवा लागला, आत टक् झालं, काच जराशी उजळली, आवाजाचा एक तुकडा निघाला, आणि सगळं मालवलं. मग परत टक्, परत उजेड, परत अंधार. बटन बंद करेपर्यंत त्याचं तेच चालू राहिलं.

"मागून उघडावा लागंल," तो आतल्या बाईला म्हणाला. "देव तुम्हीच उचला, माझे हात बसमधले आहेत."

रामरावाची बायको नंदाबाई हात धुऊन आली. बाई मायाळू होती, आल्या आल्या तिनं पाण्याचा तांब्या दिला, "भाऊ, जेवून घेता का?" विचारलं. मग एकेक देव कपाळाला लावून पाटावर मांडू लागली. हा खंडोबा, ही देवी, हा बाळकृष्ण. शेवटी तिनं चांदीचा एक छोटा टाक उचलला. त्यावर लुगडं नेसलेल्या बाईचा ठसा होता, घासून घासून लख्ख झालेला.

"ही आमची थोरली," नंदाबाई म्हणाली. "ह्यांची पहिली मंडळी. माझ्या आधीच वारली बिचारी, लेकरूबाळ न्हाई. सवतीला देवात बसवावं लागतं ना. दरसाल हिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते मी. पोरीचं लगीन जमू दे म्हणून सकाळीच हात जोडले तिला."

"नाव काय होतं त्यांचं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"साळूबाई. पण हे नाव काढू देत न्हाईत. तरास होतो म्हणतेत."

तरास होतो म्हणे. तिकडं परतूरला ठेसनाच्या मागं साळूबाई चष्मा लावून काजं करत बसली होती, जिवंत, धडधाकट, कपाळभर कुंकू लावून, आणि इकडं ह्या हरामखोरानं तिला मारून, चांदीत ठोकून, टीव्हीवर बसवून ठेवली होती. सोडून गेला हे मच्छिंद्रनं एक वेळ गिळलं असतं. पण जित्या बाईला मेली म्हणून सांगायचं, आणि वर ह्या भल्या बाईकडून तिची पूजा करून घ्यायची? स्क्रू काढताना पेचकस दोनदा घसरला.

पण कारागीर माणूस, हातात काम आलं की डोकं आपोआप थंड होतं. त्यानं स्टॅबिलायझर बाजूला केला. दोष व्होल्टेजचा असता तर गावातले बाकीचे टीव्हीही असेच वागले असते. मग आपला बोर्ड काढला. लाकडाची फळी, तिच्यावर बल्ब, एक बटन आणि टीव्हीची पिन लावायला जागा. टीव्हीला जाणारी वीज बल्बातून जाते. आत काही जळून चिकटलं असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. टीव्ही निरोगी असेल तर एकदा भडकून मंद होतो. हा बल्ब मंद व्हायचा, भडकायचा, मंद व्हायचा, भडकायचा. म्हणजे जळालेलं काही नव्हतं. टीव्ही उठायचा प्रयत्न करत होता, दम टिकत नव्हता म्हणून स्वतःच बसत होता, आणि परत उठत होता.

त्यानं पिन काढली, आतली साठलेली वीज उतरू दिली आणि बॅटरी मारून पाहिलं. वीजपुरवठ्याच्या भागातल्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं होतं. पलीकडं मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर गेली होती. दोन्ही उष्णतेनं. टीव्हीची गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते, आणि त्याच फटींवर जाड कापड अन् पितळी ताट. अक्काला बसवली ती नेमकी टीव्हीच्या नाकावर. मच्छिंद्रला त्याही स्थितीत हसू आलं.

त्यानं कपॅसिटर बदलला, जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. राळेचा धूर खोलीत पसरला. बोर्डाचं बटन दाबलं. बल्ब एकदा भडकला, मंद झाला आणि तसाच राहिला. काचेवर बातम्या सांगणारी बाई आली आणि बोलतच राहिली. टीव्ही ठणठणीत झाला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नंदाबाई चुलीपाशी, रामराव ओट्यावर. मच्छिंद्रनं बटन बंद केलं, बल्ब काढून तिथं साध्या तारेचा तुकडा जोडला, मागचं झाकण लावलं आणि बोर्ड आपल्या गुडघ्याखाली, सतरंजीच्या घडीत सरकवला. बटनावर अंगठा बसतो का ते पाहिलं. बराबर बसत होता. टीव्ही असाच चालू-बंद होत राहिला तर पाहुण्यांसमोर आपल्याला बसायला मिळेल, एवढंच तोवर त्याच्या डोक्यात होतं.

पाहुणे जेवणं करून बैठकीत आले. मुलाचा बाप, काका, आणि मुलाची आजी गिरिजाबाई. म्हातारीशिवाय त्या घरचं पान हलत नसावं, कारण सगळे तिच्याकडं बघून बसत होते. तिला चारचा मराठी पिक्चर चुकवायचा नव्हता. "म्हणले, रंगीत हाय ना पाव्हण्यांकडं, तिथंच बघू," ती म्हणाली. रामराव फुलून आला. "ए टीव्हीवाल्या, झालं का न्हाई?"

"झालं मालक. लावतो."

मच्छिंद्रनं अंगठा दाबला. टक्, उजेड, आवाजाचा तुकडा. अंगठा उचलला, अंधार. परत दाबला, परत उचलला. गिरिजाबाई पुढं झुकून बघत होती. एकाएकी ती खुदकन हसली.

"अगं बाई, ह्याला तर उचकी लागली."

सगळे हसले. मच्छिंद्र हसला नाही. गेली कितीक वर्षं ऐकलेली ती उचकी, ती असा रस्ता काढून देईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आजी बराबर बोलल्या," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "मी सगळं तपासलं, पार्ट चांगले हायेत. कोण तरी घरधन्याची आठवण काढून राह्यलं. मालक, नावं घेऊन बघा एकेक."

"काय येडा का खुळा तू?"

"घ्या हो पाव्हणं," गिरिजाबाईला गंमत वाटली. "नाव घ्यायला काय खर्चा येतो?"

होणाऱ्या सोयऱ्यांसमोर रुसून कसं चालेल? रामरावानं हसत हसत बहिणीचं नाव घेतलं. टक्, उजेड, अंधार. मामाचं घेतलं. टक्, अंधार. चुलत भावाचं, साडूचं, तालुक्याच्या आडत्याचंही घेतलं. प्रत्येक नावाला टीव्ही उठायचा आणि बसायचा, आणि बैठक हसून हसून लोळायची. रामरावाची नावं संपली तशी दारात उभी असलेली नंदाबाई भाबडेपणानं म्हणाली, "आवो, थोरलीचं ऱ्हायलं की."

रामरावाचं हसणं तिथंच आटलं. "मेलेल्याचं कशाला?"

"घ्या की," म्हातारी म्हणाली. "देवात बसवलेली बाई, तिचं नाव घेतल्यानं काय वाईट व्हतंय?"

रामरावानं मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटलं. टीव्ही उठला आणि बसला.

"मोठ्यानं घ्या मालक," मच्छिंद्र म्हणाला. "एवढ्या हळू कुणाला ऐकू जाईल?"

"साळूबाई," रामराव ओरडला. "झालं समाधान?"

मच्छिंद्रनं अंगठा दाबला आणि दाबूनच ठेवला. काच उजळली, रंग आले, पिक्चरातली माणसं बोलू लागली आणि बोलतच राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रला वाटलं होतं, हे नाव ऐकलं की आपलं पोट भरेल. पण पोट काही भरेना. एकदा ऐकलं आणि भूक आणखीच खवळली.

गिरिजाबाईच्या टाळ्या मात्र मध्येच थांबल्या होत्या. "पर पाव्हणं," ती सावकाश म्हणाली, "उचकी जित्या माणसाची लागती. मेलेलं माणूस कुठून आठवण काढंल?"

"मशीन हाय ती," रामरावाच्या कपाळावर घाम आला होता. "तिला काय कळतंय?"

"तिला कळत न्हाई, बराबर," मच्छिंद्र उठून उभा राहिला. "मला कळतं. साळूबाई परतूरला हाय, ठेसनाच्या मागं, माझ्या घरात. सकाळी तिच्या हातची भाकर खाऊन निघालो. माझी सख्खी बहीण हाय ती."

"खोटं बोलून राह्यला हा," रामराव उसळला. "मी वळखत बी न्हाई ह्याला. कोन कुठला मेकॅनिक, दारू पिऊन आलाय वाटतं. उचला रे ह्याला."

कुणी उठायच्या आत मच्छिंद्र दोन पावलं पुढं गेला आणि त्यानं तो फाटका कान धरला. लहानपणी भीत भीत धरला होता. आता मुठीत धरून असा पिळला की रामराव चवड्यांवर आला.

"सोड मच्छ्या," तो कळवळून म्हणाला. "मच्छ्या, सोड."

टीव्हीवर कोण तरी गाणं म्हणत होतं. सकाळपासून त्या घरात कुणीही मेकॅनिकचं नाव विचारलं नव्हतं.

"वळखलं म्हणायचं मला, दाजी," मच्छिंद्र म्हणाला आणि कान सोडला.

मुलाचा बाप टोपी घेऊन उठला. आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन पोरगी उभी होती, उषा. कपबश्या एकमेकींवर किणकिणत होत्या. तिचा चेहरा बघून मच्छिंद्रला पहिल्यांदा वाईट वाटलं. हिचा ह्यात काय गुन्हा, हे त्याच्या सुडाच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. पण केलेलं परत घ्यावं असं काही त्याला वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

नंदाबाई पाटापाशी गेली. तिनं टाक उचलला, पदरानं पुसला आणि मच्छिंद्रच्या हातात दिला. "जित्या माणसाला देवात ठेवू नये भाऊ. त्यांचं त्यांना द्या." मग ती नवऱ्याकडं वळली. रडली नाही, ओरडली नाही. "पहिला घास हिचा काढत आले मी. पोटात पोर होती तवा हिलाच नवस बोलले. तुम्ही मला जित्या बाईच्या मरणाचं जेवू घालायला लावलं. आता ह्या घरात तुमच्या ताटाला माझा हात लागायचा न्हाई." आणि आत निघून गेली.

रामराव मटकन खाली बसला. मुलाचा बाप निघालाच होता, पण गिरिजाबाईनं त्याला धोतराला धरून बसवलं. "पोरीनं काय केलं रे? पोरगी मला पसंत हाय. पर पाव्हणं, ध्यानात ठिवा. मांडवात ती थोरली मला दिसली पायजे. तुम्ही सोता जायाचं, तिच्या दारात हुबं ऱ्हायचं, नाव घेऊन बोलवायचं. ती आली तर लगीन, न्हाई आली तर ऱ्हायलं."

मच्छिंद्रनं बोर्ड उचलून पिशवीत टाकला, टीव्हीची पिन भिंतीतल्या सॉकेटला लावली आणि जाता जाता बजावलं, "वर कापड टाकू नका. त्याला श्वास घ्यायला जागा लागती."

घरी त्यानं अक्काला सगळं सांगितलं, टाक तिच्या हातात ठेवला. चष्मा वर करून तिनं तो टाक उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"नाक माझं असं न्हाई," ती म्हणाली. मग अंगठ्यानं त्यावरून हात फिरवला. "बाईनं घासलाय किती लख्ख. चांगली असंल." आणि टाक तिनं बटनांच्या डबीत टाकला. त्या रात्री तिनं कुंकू पुसलं की नाही ते मच्छिंद्रनं पाहिलं नाही, पण सकाळी तिचं कपाळ मोकळं होतं. त्यानंतर उचकी लागली तर ती सरळ उठून पाणी प्यायची.

आठवडाभरानं रामराव आला. हातात साडीचोळी, नारळ, बरोबर कुणी नाही. बोळातल्या बायका नळावर होत्या. मच्छिंद्र दारात आडवा उभा राहिला.

"मच्छिंद्रराव, तुमच्या अक्काला जरा—"

"नाव घ्या दाजी. नाव घेतल्याबिगर आमच्याकडं कुणी भेटत न्हाई."

रामरावानं नळाकडं पाहिलं, खाली पाहिलं. "साळूबाई," तो म्हणाला.

आत शिलाई मशीन चालू होती ती चालूच राहिली. तो परत म्हणाला. नळावरच्या बायकांनी हंडे बाजूला ठेवले आणि वळून पाहू लागल्या. तो आणखी एकदा म्हणाला, घसा साफ करून, जरा वरच्या आवाजात. त्याच्या फाटक्या पाळीला अजून काळपट डाग होता.

मच्छिंद्रनं आत डोकावून पाहिलं. साळूबाईची पिशवी बाजेवर भरलेली होती, वर घडी घालून नवं पोलकं, रामरावाच्या पोरीच्या मापाचं, अंदाजानं शिवलेलं. लग्नाला जायचं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

"आत घेऊ का अक्का?" त्यानं विचारलं.

साळूबाईनं दोरा दातानं तोडला. "थांब," ती म्हणाली. "अजून एकदा घेऊ दे त्याला."